फोंतेन्हासमध्ये दुकान थाटताय? आधी सह्या मोजा

पणजीच्या फोंतेन्हास या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीत किंवा शेजारच्या मळा भागात कुणबी साड्यांचं, आझुलेज म्हणजे रंगवलेल्या पोर्तुगीज टाइल्सचं, बेबिंक या थरांच्या गोव्याच्या मिठाईचं दुकान काढायला येणाऱ्या मराठी बायका रंग आणि पाटी ठरवूनच येतात. पाऊल घसरतं ते भाडेकरारात.

गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेची चौकट अजून चालते. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर मालमत्ता नवरा-बायकोची समाईक. घर आजोबांच्या नावावर असून वाटणी झालेली नसेल, तर लिस्बनमधला पुतण्याही हिस्सेदार असू शकतो. म्हणून गोडबोल्या एकाच भावाच्या सहीवर लाखो रुपये आत घालू नका. दुकानाचा जम बसला की दुसरा भाऊ उगवतोच. सिटी सर्व्हेचा फॉर्म डी, म्हणजे मालकांची नावं असलेला मालमत्तेचा उतारा काढा आणि त्यावरचं एकेक नाव तपासा. कुणी वारलं असेल तर इन्व्हेंटरीचे, म्हणजे वारसवाटणीचे कागद मागा. पती-पत्नी दोघांच्याही सह्या घ्या, परदेशातल्यांचं मुखत्यारपत्र घ्या. वकील इथलाच करा. तुमच्या पुण्याच्या मेहुण्यांचं इथे काम नाही. आणि अकरा महिन्यांच्या करारावर पाच वर्षांचं फर्निचर करू नका.

हा भाग संवर्धन क्षेत्रात, म्हणजे जुन्या इमारती जपायच्या भागात येतो. परवानगीआधी दर्शनी भागाला, खिडक्यांना हात लावू नका. महापालिकेचा व्यापार परवाना लागतोच. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट आहे, पैसे मागणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा.

जुन्या भिंती चिऱ्याच्या आणि चुन्याच्या. त्यावर सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिक पेंट चढवला की ओल आतच कोंडते आणि जुलैत पोपडे सुटतात. चुन्याचाच गिलावा, चुन्याचाच रंग. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून वर ठेवा. भिंतीला टेकलेल्या साडीवर बुरशी चढते.

दुपारी एक ते साडेतीन शटर खाली. त्याला आळस म्हणणाऱ्या आपल्या लोकांचा मला वीट आलाय. उन्हात गिऱ्हाईकही फिरत नाही. फोटो काढणाऱ्यांना शेजाऱ्यांच्या पायऱ्यांवर बसू देऊ नका. तिथे माणसं राहतात, आणि तक्रार तुमच्या नावाने जाते.

धंदा ऑक्टोबर ते मार्च. नोव्हेंबरात इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो तेव्हा माल भरलेला हवा. जून ते सप्टेंबरचं चार महिन्यांचं भाडं मात्र दुकान उघडण्याआधीच बाजूला काढा.