गोव्यात क्लबात येताय? तारीख आपली आपण ठरवू नका

घाटावरून बदलीवर आलेला किंवा वेर्णा, कुंडई, थिवीच्या कारखान्यांत नोकरीला लागलेला मराठी माणूस वर्षभरात कुठल्या ना कुठल्या क्लबात दिसू लागतो. रोटरी नाही तर लायन्स, म्हणजे समाजसेवेचे क्लब. चांगलंच आहे. नव्या गावात ओळखी व्हायला याहून सरळ वाट नाही. फक्त येताना तो कोल्हापूर-सांगलीच्या कार्यक्रमांची वही काखेत मारून आणतो, आणि त्या वहीतलं निम्मं इथे चालत नाही.

आधी थोडं कामापुरतं. रोटरी १९०५ ची, लायन्स १९१७ ची, जन्मगाव दोघींचं शिकागोच. दोन्हींचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, त्यामुळे जुलैभर पदग्रहण समारंभ चालतात आणि त्या महिन्यात कोणी नवीन कामाचं बोलत नाही. रोटरीच्या ३१७० या डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे शेजारच्या क्लबांच्या विभागात, गोव्याबरोबर कोल्हापूर आणि बेळगावही येतं, म्हणजे तुमचा जुना क्लब कदाचित याच डिस्ट्रिक्टमधला निघेल. सभासदत्व अर्ज टाकून मिळत नाही; कोणीतरी सभासद तुमचं नाव सुचवतो. घाई करू नका. तीन-चार सभांना पाहुणे म्हणून जा, खुर्च्या लावायला मदत करा, चहाच्या वेळी ऐका. ‘आमच्याकडे काय करतात माहितीये?’ हे वाक्य पहिल्या सहा महिन्यांत तोंडातून काढू नका. आपल्या लोकांना हे सगळ्यात जड जातं.

भाषेचं एकदाच सांगतो. ‘कोंकणी म्हणजे मराठीचीच बोली ना?’ असं सभेत, जेवणात, गाडीत, कुठेही म्हणू नका. १६ जानेवारी १९६७ ला इथल्या लोकांनी मतदान करून महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला आहे. १९८७ च्या कायद्याने देवनागरीतली कोंकणी राजभाषा झाली, आणि त्याच कायद्याने सरकारी कामात मराठीही वापरता येते. इथल्या देवळांत आरती-भजन मराठीत चालतं, मराठी वर्तमानपत्रं घरोघर येतात, म्हणून लोक तुमच्याशी आनंदाने मराठीत बोलतील. तो त्यांचा चांगुलपणा. त्यावरून मालकी सांगायची नाही. पुरुषाच्या नावाआधी ‘बाब’, बाईच्या नावाआधी ‘बाय’ लावायला शिका, निघताना ‘येतां’ म्हणा, कोणी काही केलं तर ‘देव बरें करूं’. सासष्टी-बारदेश या तालुक्यांतल्या ख्रिस्ती वाड्यावर पत्रक वाटायचं असेल तर ते रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या कोंकणीत हवं. देवनागरी पत्रक तिथे भिंतीवर राहतं, वाचलं जात नाही. आणि ‘सुशेगाद’ (निवांत) हा शब्द विनोद म्हणून वापरू नका. दुपारी एक ते चार इथे दुकानं बंद असतात, त्या वेळात क्लबाच्या सेक्रेटरीला फोन करू नका, बस्स. सकाळी साडेनऊला टेबलं मांडायची ठरलेली असताना पावणेअकराला उगवणारे बहुतेक वेळा आपलेच असतात, हेही लिहून ठेवतो.

आता मुख्य गोष्ट: तारीख. नव्या सभासदाची सगळ्यात महागडी चूक हीच. तो आधी दिवस धरतो, बॅनर छापतो, पाहुणा ठरवतो आणि मग गावाला कळवतो.

सगळ्यात मोठी फसगत चतुर्थीत होते. आपल्याकडे गणेशोत्सव म्हणजे मंडळ, मांडव, गर्दी आणि मांडवातच रक्तदान शिबिर. इथली चवथ घरातली आहे. माणूस पणजी-मडगावची खोली बंद करून मूळ घरी जातो, माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट) बांधतो आणि गणपती पोचवूनच परततो. तेवढे दिवस शहर ओस. त्या आठवड्यात शिबिर ठेवलं तर डॉक्टर, पाच सभासद आणि चहावाला एवढेच जमतात.

बाकीचं कॅलेंडर गावागणिक वेगळं. फेस्ताआधी, म्हणजे चर्चच्या सणाआधी, नऊ दिवस नोव्हेना (प्रार्थना) असते. जुन्या गोव्याचं फेस्त ३ डिसेंबरला, त्याची नोव्हेना २४ नोव्हेंबरपासून. जत्रा तिथीवर ठरते, म्हणून गेल्या वर्षीची तारीख यंदा चालत नाही. शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेआधी त्या भागातले धोंड, म्हणजे तिचे भक्त, व्रतात असतात. २४ जूनला सांजाव, म्हणजे सेंट जॉनचा सण. मे महिन्यात पावसाळ्याचा पुरुमेंत (साठवणीचं सामान) भरायची आणि लग्नांची धांदल. म्हापशात शुक्रवारी बाजार, तेव्हा पार्किंगच मिळत नाही. रविवारी सकाळी चर्चमध्ये मिसा (प्रार्थना). म्हणून आधी पंचायतीत विचारा, मग देवस्थान समितीला, मग फादरना. तिघांनी ‘चलता’ म्हटलं की चौथ्या माणसाला विचारायचं, आणि हा चौथा सगळ्यांत महत्त्वाचा: रक्तपेढी.

रक्ताच्या बाबतीत तारखेची चूक नुसती गैरसोयीची नसते, त्यात रक्त वाया जातं. पिशवीतल्या लाल पेशी साध्या द्रावणात ३५ दिवस, पोषक द्रावण घातलं तर ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट्स पाचच दिवस. १४ जूनला जागतिक रक्तदाता दिन, १ ऑक्टोबरला राष्ट्रीय स्वैच्छिक रक्तदान दिन, शिवाय पदग्रहण आणि वाढदिवस. सगळे क्लब त्याच दिवसांवर तुटून पडले की एका आठवड्यात फ्रीज भरतो आणि दीड महिन्याने रिकामा होतो. रक्त दिलेल्या पुरुषाला पुढचे ९० दिवस आणि स्त्रीला १२० दिवस देता येत नाही, म्हणजे टंचाईच्या वेळी नेमके हेच दाते बाद. एका दिवसात शंभर पिशव्यांचं महाशिबिर हा फोटोचा कार्यक्रम आहे असं माझं स्पष्ट मत. तेवढेच दाते वर्षात चार वेळा पंचवीस-पंचवीस करून आणा. बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा जवळच्या जिल्हा इस्पितळाच्या रक्तपेढीत जाऊन ‘तुम्हाला कधी हवंय?’ एवढंच विचारा. बॅनर त्यानंतर.

शिबिर परवानाधारक रक्तपेढीच घेऊ शकते. क्लबाने जागा, माणसं आणि खाणंपिणं पाहायचं. निदान महिनाभर आधी पत्र द्या आणि दात्यांचा आकडा फुगवू नका. तीन तासांत ५० ते ७० पिशव्या घ्यायच्या तर एक डॉक्टर, दोन परिचारिका, तीन तंत्रज्ञ, दोन समाजसेवक, दोन मदतनीस आणि सहा ते आठ खाटा, असा नियमांतला हिशोब आहे. शंभर ते एकशेवीससाठी पाच तास धरा. वीसच दाते असतील तर पथक बोलावू नका, त्यांना गाडीत बसवून थेट रक्तपेढीत न्या.

सभागृह तळमजल्यावरचं हवं. रक्त दिलेल्या माणसाला जिना उतरायला लावायचा नाही. आत यायचं दार वेगळं, बाहेर जायचं वेगळं. टेबलं या क्रमाने: नोंदणी, वजन आणि हिमोग्लोबिन, डॉक्टर, खाटा, चहापाणी. चहाचं टेबल बाहेरच्या दारापासून लांब, आतल्या कोपऱ्यात मांडा. दाराजवळ असलं की लोक कप हातात घेऊन स्कूटरकडे निघतात आणि गेटपाशी चक्कर येऊन बसतात. खाटेवर पाच मिनिटं, खुर्चीवर दहा-पंधरा मिनिटं, मगच सुटका. चक्कर आली तर तिथेच आडवं करून पाय वर उचला. पाणी तोंडावर मारत बसू नका, डॉक्टरला हाक मारा. वीज जाईल हे धरून इन्व्हर्टरची सोय आधीच पाहा, पंखे बंद पडले की चकरा वाढतात.

दाते कुठे गळतात ते आधीच सांगितलं तर निम्मा मनस्ताप वाचतो. वय १८ ते ६५, पण पहिल्यांदा देणाऱ्याला ६० पर्यंतच. वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५. शनिवारी रात्री घेतलेली असेल तर रविवारी सकाळी डॉक्टर परत पाठवतात; गोव्यात रविवारच्या शिबिराचा हा ठरलेला खड्डा आहे, म्हणून पत्रकातच लिहा. श्रावणी सोमवार आणि एकादशी टाळा, उपाशी पोटी रक्त देता येत नाही. देण्याआधी चार तासांत हलकं खाल्लेलं असावं. टॅटू काढला असेल तर वर्षभर थांबावं लागतं, आणि किनाऱ्यावरच्या तरुणांत टॅटू नसलेला हात शोधावा लागतो. मलेरिया झाला असेल तर बरं झाल्यावर तीन महिने. बोटीवर जाणारे तारवटी सुटीत घरी असतात आणि उत्साहाने येतात. त्यांनी पीतज्वराची लस घेतली असेल तर २८ दिवस थांबायला सांगा. बायकांची गळती बहुतेक हिमोग्लोबिनवर होते. त्यांना ‘चालत नाही’ म्हणून नुसतं परत पाठवू नका, आकडा कागदावर लिहून द्या आणि डॉक्टरला दाखवायला सांगा.

नोंदणी ५० झाली म्हणजे ५० पिशव्या मिळाल्या असं नाही. आणि दात्याच्या कार्डावर पुढे काय सवलत मिळेल याचं वचन क्लबाने देऊ नये. ते रक्तपेढी सांगेल.

वृक्षारोपणाबद्दल. वनमहोत्सव जुलैच्या पहिल्या आठवड्यात असतो आणि त्याच दिवशी खड्डा खणून त्याच दिवशी झाड लावलं की ते झाड मेलंच समजा. इथली जमीन जांभ्या दगडाची. मे महिन्यात दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा खणा, चिऱ्याचे तुकडे बाजूला काढा, वरची माती आणि कुजलेलं शेण मिसळून भरा. खड्डा वरून वाटीसारखा ठेवू नका, पावसात पाणी साचून मुळं कुजतात. थोडा उंचवटा करा. नोव्हेंबरपासून मात्र उलट, आळं करून मे अखेरपर्यंत आठवड्यातून दोनदा पाणी. हे पाणी कोण घालणार त्या माणसाचं नाव ठरलं नसेल तर लावूच नका. माट्टी हे गोव्याचं राज्यवृक्ष, शिवाय भिरंड (कोकम), जांभूळ, करंज ही इथली झाडं. गुलमोहराचा हट्ट सोडा. डोक्यावर विजेच्या तारा नाहीत ना, हे मान वर करून बघा. जागा कोणाची, हे लेखी घ्या: पंचायतीची, कोमुनिदादची (गावाच्या सामायिक जमिनीची संस्था) की बांधकाम खात्याची. खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल भागातल्या, मोकळ्या जमिनीवर डोळा ठेवू नका. तिथलं पाणी मचूळ असतं आणि ती मोकळी दिसली तरी रिकामी नसते.

शाळेत वह्या वाटायच्या तर शाळा कधी उघडते ते मुख्याध्यापकांना विचारा. वरच्या वर्गांचं वर्ष आता एप्रिलमध्येच सुरू होऊ लागलंय. जुन्या वहीतली जूनची तारीख तिथेही चुकते.

किनारा सफाई: ओहोटीची वेळ पाहून जा. कापडी हातमोजे नकोत, बिअरच्या बाटल्यांच्या काचा आरपार जातात. जाड रबरी घ्या. कचरा प्लास्टिकच्या पिशवीत न भरता गोणपाटात भरा आणि काच वेगळी. उचलायला गाडी येणार की नाही हे पंचायतीकडून आधीच पक्कं करा, नाहीतर भरलेल्या गोणी संध्याकाळच्या भरतीला परत समुद्रात जातात. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे थंडीत कासवं अंडी घालतात. तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय वाळू उकरू नका आणि रात्री दिवे लावू नका.

पैसे: देणगी स्वतःच्या फोनवर कधीही घेऊ नका, एक रुपयाही नाही. क्लबाच्या किंवा ट्रस्टच्या खात्याचाच कोड दाखवा. करसवलत मागणाऱ्याला आधी विचारा की तो जुन्या करप्रणालीत आहे का, आणि ट्रस्टकडे देणगीवर करसवलत देणारी मान्यता (लोक जिला ८०जी म्हणतात) आहे का ते खजिनदाराला विचारा. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलत नाही.

शेवटचं बदलीवाल्यांसाठी, कारण हे कोणी सांगत नाही. रोटरीचं आंतरराष्ट्रीय वर्गणीचं बिल १ जुलै आणि १ जानेवारीला क्लबाच्या यादीत जितकी नावं असतील तितक्यांचं येतं. तुमची बदली मेमध्ये झाली आणि तुम्ही न सांगता निघून गेलात, तर तुमचे पैसे इथले लोक खिशातून भरतात. ऑर्डर हातात पडली की ३० जूनच्या किंवा ३१ डिसेंबरच्या आत सेक्रेटरीला लेखी राजीनामा द्या, थकबाकी नसल्याचं पत्र घ्या आणि नव्या गावच्या क्लबात ते दाखवा.