पावसाळ्यात कॅटिडिड दिसला तर तो कुठल्या गटातला हे कसं ओळखायचं

गणपती ते दिवाळी हा कॅटिडिड, म्हणजे बुश क्रिकेट (नाकतोडा नि रातकिड्याचा नातेवाईक किडा) बघायचा खरा सीझन, कारण जूनमधली पिल्लं तोवर मोठी होऊन पंख फुटलेले असतात. आणि माझं म्हणणं एवढंच की थेट स्पीशीजच्या मागे लागू नका, आधी उपकुळ, म्हणजे कॅटिडिडच्या कुळातला पोटगट, नक्की करा, तेवढं नीट जमलं तरी पुष्कळ झालं.

आधी मिशा बघा. नाकतोड्याच्या आखूड नि जाड, कॅटिडिडच्या केसासारख्या बारीक आणि बहुतेकदा अंगापेक्षा लांब. रातकिड्याच्याही लांबच असतात, मग पावलाचे भाग मोजायचे, रातकिड्याला ३ आणि कॅटिडिडला ४. रंगावर अजिबात जाऊ नका, एकाच जातीत हिरवे पण असतात नि तपकिरी पण.

फोटो वरून, बाजूने आणि तोंडाचा असे तीन तरी काढा, आणि मादी असेल तर अंडी घालायचा अवयव, ओव्हिपॉझिटर, स्पष्ट यायलाच हवा. तो आखूड, चपटा, वर वळलेला, विळ्यासारखा असेल आणि मागचे पंख पुढच्या पंखांच्या बाहेर डोकावत असतील तर बहुधा फॅनेरोप्टेरिनी हे उपकुळ, आपल्याकडे दिव्यावर येणारा डुसेटिया यातलाच. गवतात बसलेला, निमुळत्या डोक्याचा, लांब सरळ ओव्हिपॉझिटरवाला असेल तर कोनोसेफॅलिनी. झाडाच्या सालीवर पाय पसरून असा चिकटलेला की टॉर्च मारूनही पटकन दिसत नाही, तो सॅथ्रोफिलिया, स्यूडोफिलिनी गटातला. पुढच्या पायांवर लांब काटे दिसले तर हेक्सासेंट्रस असू शकतो, तो दुसरे किडे पकडून खातो.

मेकोपोडाचं प्रकरण मात्र वेगळंय. मोठा किडा, मागचे पाय भलतेच लांब, ओळखायला सोपा वाटतो आणि सगळे त्याला मेकोपोडा इलाँगाटा असं थेट जातीचं नाव लिहून मोकळे होतात. पण दक्षिण भारतात २००६ साली संशोधकांनी दाखवलं की दिसायला अगदी सारख्या मेकोपोडांची गाणी पाच वेगवेगळ्या प्रकारची आहेत, म्हणजे नुसत्या फोटोवरून इथे काही ठरत नाही, आवाज हवाच. म्हणून मी तरी फक्त मेकोपोडा एवढंच लिहिते.

आवाज फोनवर रेकॉर्ड करा, गातो तो सहसा नर, डावा पंख उजव्यावर घासून. काही जातींचं गाणं आपल्याला ऐकूच येत नाही, त्यामुळे शांत बसलाय म्हणजे मादीच असं धरू नका. आणि पकडायचाच असेल तर मागच्या पायाला धरू नका, पाय तोडून पळतो आणि पूर्ण वाढलेल्या किड्याला तो परत येत नाही, त्यापेक्षा पारदर्शक डबी वरून ठेवा, खालून पण फोटो मिळतो. रेकॉर्डिंगसोबत वेळ, जागा नि तापमान लिहाच, गारठ्यात त्यांची लय मंदावते आणि दोन रेकॉर्डिंग तुलना करताना तेच लागतं.