हिवाळ्यात दक्षिण स्पेनला निघालात? या चुका टाळा

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत अंदालुसियात, म्हणजे स्पेनच्या दक्षिण प्रांतात, हॉटेलं बरीच स्वस्त मिळतात आणि उन्हाळ्यातला चाळीस अंशांचा उकाडाही नसतो. म्हणून ऑफ सीझनला जाणं शहाणपणाचंच. पण 'गर्दी नसेल, तिकिटांचं तिथे गेल्यावर बघू' हा विचार ग्रॅनडा शहरात हमखास अंगाशी येतो.

इथल्या अल्हाम्ब्रात, म्हणजे जुन्या मुस्लिम राजांच्या किल्ला-महालांच्या परिसरात, रोज ठरावीक माणसांनाच सोडतात, हिवाळ्यातसुद्धा. त्यामुळे तारखा पक्क्या झाल्या की पहिलं बुकिंग याचं करा. तिकिटावर छापलेली वेळ आतल्या नसरीद महालांच्या (नसरीद घराण्याच्या राजवाड्यांच्या) दाराची असते, बाहेरच्या मुख्य फाटकाची नव्हे. इथेच बरेच जण फसतात. फाटकापासून त्या दारापर्यंत चालत पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. साडेदहाची वेळ असेल तर दहालाच फाटकातून आत असा. वेळ चुकली की महाल हुकले, विनवण्या चालत नाहीत. तिकीट नावावर असतं, तेव्हा मूळ पासपोर्ट खिशात हवा. मोबाइलमधल्या फोटोच्या भरवशावर राहू नका.

तिकिटं संपली असतील तर अधिकृत साइट अधूनमधून उघडून बघत राहा, रद्द झालेली तिकिटं परत दिसतात. नाहीच मिळालं तर फक्त बागा, जेनेरालिफे (राजांचा उन्हाळी महाल) आणि किल्ल्याचं वेगळं तिकीट घ्या. याच परिसरातल्या राजा पाचव्या चार्ल्सच्या महालाचं गोल अंगण तर फुकट बघता येतं.

दुसरी गफलत घड्याळाची. स्पेन नकाशावर इंग्लंडच्या खाली असला तरी घड्याळ जर्मनीचं लावतो. डिसेंबरअखेर अंदालुसियाच्या राजधानीत, सेव्हिलमध्ये, सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि सव्वासहाच्या आत मावळतो. आपल्याकडच्या टूरसारखं सातला नाश्ता करून बाहेर पडलात तर अंधारात फिराल. दिवसाला दोनच मोठी ठिकाणं धरा.

थंडीचंही तसंच. सेव्हिलमध्ये दुपारी स्वेटर काढावासा वाटतो, पण ग्रॅनडा सुमारे 700 मीटर उंचीवर आहे, रात्री पारा शून्याजवळ जातो. आणि खरी हुडहुडी घरात भरते! इथली जुनी घरं उन्हाळा बाहेर ठेवायला बांधलेली, फरशी बर्फासारखी. अपार्टमेंट घेताना 'कालेफाक्सिओन' म्हणजे हीटिंग आहे का, हे विचाराच. खोलीत हीटर दिसत नसेल तर एसीच्या रिमोटवर सूर्याचं चिन्ह शोधा, बहुतेकदा त्याच यंत्रातून गरम हवा येते. जाड मोजे आणि घरात घालायच्या सपाता न्या. छत्रीही न्या, इथला बराचसा पाऊस हिवाळ्यात पडतो.

जेवणाबाबत थोडक्यात: चारनंतर बहुतेक स्वयंपाकघरं बंद, ती उघडतात रात्री आठच्या पुढे. शाकाहारी असाल तर सालमोरेखो या टोमॅटोच्या गार सूपवर हॅम आणि अंडं घालतात, आधीच नको म्हणून सांगा. मिक्स सॅलडमध्ये ट्यूना असतो. पालक-छोल्यांची 'एस्पिनाकास कोन गार्बान्सोस' मात्र पावासोबत मस्त लागते.

6 आणि 8 डिसेंबर, 25 डिसेंबर, 1 आणि 6 जानेवारी हे सुट्टीचे दिवस. सोमवारी अनेक संग्रहालयं बंद असतात.

आणि जानेवारीत सेव्हिलच्या रस्त्यांवर झाडं संत्र्यांनी लगडलेली दिसतील. ती तोडून सोलू नका, कडूजहर असतात. त्यांचं मार्मालेड करतात. खायची गोड संत्री मंडईत मिळतात.