डिथमार्शेनचा मध्ययुगीन इतिहास कसा अभ्यासावा

उत्तर जर्मनीत एल्ब आणि आयडर या नद्यांमध्ये वसलेल्या डिथमार्शेन या प्रदेशाचा इतिहास समजून घ्यायचा असेल, तर राजांच्या वंशावळी बाजूला ठेवून आधी नकाशा उघडावा आणि त्यावर पूर्वेकडील उंच, रेताड जमीन व समुद्रालगतची सखल, सुपीक खारभूमी वेगवेगळ्या रंगांनी दाखवावी. बांध घालून भरतीचे पाणी अडवणाऱ्या शेतकऱ्यांना एकजूट का लागली, हे त्यावरून चटकन ध्यानात येते. १२२७ च्या बोर्नह्योवेडच्या लढाईत डॅनिश राजाचा पराभव झाल्यानंतर हा प्रदेश नावापुरता ब्रेमेनच्या आर्चबिशपकडे गेला. कारभार मात्र शेतकऱ्यांच्याच हाती राहिला. माझ्या मते खरा वेळ द्यावा तो १४४७ च्या लिखित कायद्याला आणि अठ्ठेचाळीस जणांच्या न्यायमंडळाला.

हेमिंगश्टेटची लढाई वाचताना हवामानाकडे लक्ष ठेवावे. १७ फेब्रुवारी १५०० रोजी डिथमार्शेन जिंकायला आलेले डॅनिश राजा हान्सचे सैन्य चिखलाने भरलेल्या अरुंद रस्त्यावर अडकले, बांधाचे दरवाजे उघडल्याने दोन्ही बाजूंची शेते पाण्याखाली गेली, आणि लांब काठ्यांच्या आधाराने चर ओलांडणाऱ्या शेतकऱ्यांनी चिलखती स्वारांना गाठले. तिथून थेट १५५९ कडे यावे. त्या वर्षी शेतकऱ्यांचे हे स्वातंत्र्य संपले.