डिझेल गाडी ओढत नाही आणि काळा धूर सोडते: हवेच्या मार्गातील दोष कसा शोधावा

चढावर गाडी ओढेनाशी होते, ॲक्सिलरेटर दाबताच मागून काळा धूर निघतो आणि बॉनेटखालून फुसफुस ऐकू येते, तेव्हा पहिला संशय बहुधा टर्बोवर (हवा दाबून इंजिनात ढकलणारा पंप) किंवा इंजेक्टरवर (डिझेल फवारणारा भाग) घेतला जातो. माझ्या मते तपासणी रबरी होजपासून सुरू करावी, कारण नवा टर्बो बसवल्यावर फाटका होज सापडण्यासारखा मनस्ताप दुसरा नाही.

एअर फिल्टरमधून आलेली हवा ती मोजणाऱ्या मास एअरफ्लो सेन्सरवरून टर्बोत जाते, तिथे दाबली जाऊन इंटरकूलरमध्ये थंड होते आणि इनटेक मॅनिफोल्डमार्गे सिलिंडरमध्ये पोहोचते. फट टर्बोच्या अलीकडे आहे की पलीकडे, हा कळीचा प्रश्न आहे. पलीकडे फट असेल तर सेन्सरने मोजलेली हवा वाटेतच निसटते, संगणक मात्र ती सिलिंडरमध्ये गेली असे समजून डिझेल सोडतो आणि त्याची काजळी होते. अलीकडे फट असेल तर इंजिन न गाळलेली धूळ ओढून घेते. धूर कदाचित दिसणार नाही, पण टर्बोतील हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरची पाती आणि सिलिंडर झिजू लागतात.

इंजिन बंद आणि थंड असताना फिल्टर पाहून घ्यावा आणि मग प्रत्येक होज हाताने वाकवून, विशेषतः खालच्या बाजूने, तपासावा. होजच्या आतील तेलाचा पातळ थर पाहून घाबरू नये, कारण इंजिनाच्या खालच्या भागातील, म्हणजे क्रँककेसमधील, तेलकट वाफ याच मार्गात सोडलेली असते. मात्र क्लॅम्पजवळ बाहेरून ओला डाग असेल आणि त्यावर धूळ चिकटून काळा लेप झाला असेल, तर हवा तिथूनच निसटते आहे असे समजावे. बारीक चीर एरवी मिटलेली राहते आणि दाब आला की ओठांसारखी उघडते. आयडलिंगला टर्बोचा दाब जवळजवळ नसल्याने इंजिन नुसते चालू ठेवून ती सापडत नाही.

त्यासाठी टर्बोच्या तोंडाशी येणारा पाइप काढून तिथे व्हॉल्व्ह असलेले बूच घट्ट बसवावे, रेग्युलेटर लावून साधारण अर्धा बार दाब हळूहळू भरावा आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बूच उडू शकते, म्हणून त्याच्या समोर उभे राहू नये. उघड्या राहिलेल्या इंजिन व्हॉल्व्हमधूनही हवा जात असल्याने केवळ दाब उतरला म्हणून गळती ठरवू नये. बुडबुडे दिसायला हवेत.

गाडीच्या संगणकातील दोषांचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी ०२९९ हा कोड आला तर त्याचा अर्थ अपेक्षेपेक्षा कमी दाब एवढाच असतो, टर्बो निकामी झाला असा नव्हे. चावी चालू आणि इंजिन बंद ठेवून मॅनिफोल्डचा दाब पाहावा. समुद्रसपाटीला तो सुमारे १०० किलोपास्कल दिसायला हवा, उंचावर त्याहून कमी. आयडलिंगला हवेचे प्रमाण कमी दिसत असेल तर स्कॅनरने ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) बंद करावा. आकडा लगेच वाढला नाही, तर तो व्हॉल्व्ह काजळीने उघडा अडकला असण्याची शक्यता आहे, आणि बिचाऱ्या सेन्सरवर नाहक आळ येतो आहे.

चिरलेल्या होजला टेप गुंडाळणे ही दुरुस्ती नव्हे. होज बदलावा आणि क्लॅम्प आवळण्यापूर्वी पाइपच्या तोंडावरील तेल पुसावे, नाहीतर तो दाबाखाली पुन्हा निसटतो. मास एअरफ्लो सेन्सर त्याच्यासाठी बनवलेल्या स्प्रेनेच धुवावा, त्याच्या तारेला बोट लावू नये आणि पूर्ण सुकल्यावरच तो बसवावा. ईजीआर व्हॉल्व्ह काढून बाहेर साफ करावा आणि नव्या गॅस्केटसह बसवावा. चालू इंजिनाच्या हवेच्या मार्गात ज्वलनशील क्लीनर फवारण्याचा सोपा वाटणारा उपाय मुळीच करू नये: डिझेल इंजिन ते इंधन म्हणून जाळते आणि त्याचा वेग हाताबाहेर जाऊ शकतो.

शेवटी कोड पुसून गाडी चढावर चालवावी आणि सोबत्याला स्कॅनरवर अपेक्षित आणि प्रत्यक्ष दाब पाहायला सांगावे. मार्गात कुठेही गळती नसताना हे दोन आकडे जुळत नसतील, तर टर्बोच्या ॲक्च्युएटरची (टर्बोचा दाब कमीजास्त करणाऱ्या भागाची) बारीक व्हॅक्यूम नळी तपासावी आणि तीही शाबूत असेल तरच टर्बोला हात घालावा.