टिश्यू कल्चरचं रोप घेताय? आधी त्याची आई कोण ते विचारा

पहिले दोन-तीन दमदार पाऊस झाले की मुळशी-मावळापासून पार इंदापूरपर्यंत बांधावर नाहीतर पडीक तुकड्यात साग, चंदन, कडुनिंब, निलगिरी लावायची एकच घाई सुरू होते. नर्सरीत गेल्यावर पहिला प्रश्न "केवढ्याला?" आणि दुसरा "तोडायला कधी येणार?" हे रोप कुठल्या झाडापासून केलंय हे मात्र फारसं कुणी विचारत नाही, आणि रोगाचं निम्मं गणित तिथंच ठरलेलं असतं.

सागात सगळ्यात जास्त गोंधळ आहे. टिश्यू कल्चर (लॅबमध्ये झाडाच्या बारीक तुकड्यापासून रोपं करणं) म्हणजे रोग येणारच नाही असं बिनधास्त सांगून रोपं खपवतात. आपल्या पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, सागाचं टिश्यू कल्चर १९८० च्या सुमारासच झालंय, तंत्र चांगलंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण लॅबमधून रोप स्वच्छ बाहेर आलं याचा अर्थ एवढाच की त्या दिवशी त्याच्यात रोग नव्हता. पुढे शेतात रोग आला तर ते किती दाद देणार हे त्याच्या जीन्सवर, म्हणजे ज्या झाडाचा तुकडा घेतला त्याच्यावर. ते झाड तांबेऱ्याला (पानावर नारिंगी पूड धरणारा बुरशीचा रोग) बळी पडणारं असेल तर तुमची पाचशेच्या पाचशे रोपं तशीच निघणार, कारण ती सगळी एकाच झाडाच्या नकला आहेत.

रोगाला दाद न देणं दोन प्रकारचं असतं. एकात एखादा मोठा जीन असतो, तो रोगाला दारातच अडवतो, पानावर डागसुद्धा दिसत नाही. दुसऱ्यात बरेच बारीक जीन मिळून काम करतात, रोग येतो पण हळू पसरतो, झाड तग धरतं. विकायला पहिला प्रकार झकास, पण भरवशाचा दुसराच. युरोपात पॉप्लर झाडाचा बोप्रे नावाचा क्लोन (एकाच झाडाच्या नकला) तांबेऱ्याला अजिबात दाद देत नव्हता म्हणून लोकांनी तोच जिकडेतिकडे लावला, १९९४ मध्ये तांबेऱ्याचा नवा प्रकार उपटला आणि बागाच्या बागा त्याच्या तावडीत सापडल्या. तांबेऱ्याची एक पिढी आठ-दहा दिवसात उरकते, झाड मात्र पंधरा-वीस वर्षं जागेवर उभं. उसात काणी आली तर पुढच्या लागणीला बेणं बदलता येतं, सागाचं काय बदलणार? निलगिरीचंही तसंच, २००० नंतर दक्षिणेत गाठी करणारी बारीक माशी आली (ही कीड, रोग नव्हे) तेव्हा काही क्लोन पार खुजे राहिले आणि शेजारचे दुसरे क्लोन बऱ्यापैकी वाढले.

म्हणून एकाच क्लोनचं सलग रान करू नका. पाच-सहा क्लोन मिसळून लावा. नर्सरीत एकच असेल तर त्याच्या थोड्या रांगा आणि बाकी बियांची रोपं किंवा स्टंप (बियांच्या रोपाचं छाटलेलं मूळ-खोड). बियांची रोपं एकसारखी वाढत नाहीत म्हणून लोक नाक मुरडतात, मला तर तीच जमेची बाजू वाटते.

चंदनात जरा जास्तच सांभाळून. स्पाइक रोग लागला की पानं बारीक, ताठ, फांदीवर काट्यांसारखी उभी राहतात आणि दोन-तीन वर्षांत झाड जातं. उसातल्या गवताळ वाढीसारखाच हाही फायटोप्लाझ्मा नावाच्या अतिसूक्ष्म जंतूमुळे होतो, तुडतुडे पसरवतात, औषध नाही. "स्पाइक न येणारी जात" म्हणून कुणी चढा भाव लावत असेल तर किती वर्षं, कुठं तपासली ते लेखी मागा. रोगट भागातली रोपं फुकट मिळाली तरी नको.

आत्ता जून-जुलैत निंबोळ्या पिकतात, बी धरायची हीच वेळ. रस्त्याकडेच्या एकाच झाडाखाली बादली भरली की ती सगळी एका आईची पोरं. निदान पंधरा-वीस झाडं निवडा, एकमेकांपासून शंभरेक मीटर लांबची, म्हणजे सख्खी-चुलत नसावीत. गेल्या पावसात ज्यांचे शेंडे करपून तपकिरी झाले होते ती वगळा, तो शेंडेमर बियातूनही जातो. कर्नाटक-तेलंगणात त्याने कडुनिंबं जळाल्यासारखी दिसतात. गर काढून धुवा, सावलीत सुकवा आणि पंधरा दिवसांच्या आत पेरा, निंबोळीची उगवण झपाट्याने उतरते.

सागाचं मातृझाड मात्र आज ठरवू नका. पावसाळा सरता सरता पान उलटून बोट फिरवा, पिवळी-नारिंगी पूड बोटाला लागली की तांबेरा. शेजारची झाडं माखलेली आणि मधलं एकच स्वच्छ असेल तर त्याला रंगाचा पट्टा मारा, पण लगेच बी घेऊ नका. कधी कधी रोग नुसता त्याच्यापर्यंत पोचलेला नसतो. ओळीने दोन-तीन वर्षं स्वच्छ राहिलं तर मग त्याचं बी धरा. ऑगस्टमध्ये पानांची जाळी दिसली तर ती अळी, तांबेरा नाही, झाड परत फुटतं, घाबरून फवारे मारत सुटू नका.

रोप घेताना एक पिशवी फाडून बघा, मुळांची टोकं पांढरी हवीत, तपकिरी आणि खाली गुंडाळलेली असतील तर अख्खा लॉट सोडा. खड्ड्यात शेणखतात ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) मिसळून टाका, त्याने सुरुवातीची मर कमी होते, जीन काही बदलत नाहीत. पिशवीवरच्या टॅगचा फोटो काढा आणि कुठल्या रांगेत कुठला क्लोन ते वहीत लिहा, पुढे विरळणी करताना कोणती रांग आधी काढायची ते त्यावरूनच कळेल.