त्वाज, पेर्श, आर्पाँ : जुन्या फ्रेंच मापांचे मीटर करताना या चुका टाळा

जुन्या फ्रेंच खरेदीखतात ‘12 आर्पाँ 35 पेर्श’ असं दिसलं, की बहुतेक जण नेटवरचा कन्व्हर्टर उघडतात, आकडे टाकतात आणि आलेलं उत्तर दशांशाच्या सहा स्थळांसकट उतरवून घेतात. गुणाकार बरोबर असतो, पण गुणायचा आकडाच चुकीचा घेतलेला असतो.

पेर्श कुठली, हे आधी ठरवा

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पेर्श म्हणजे जमीन मोजायची काठी, आणि ती एकाच लांबीची कधीच नव्हती. फ्रेंच फुटांत सांगायचं तर पॅरिसची 18 फुटी (5.847 मीटर), सर्वसाधारण वापरातली 20 फुटी (6.497 मीटर) आणि जंगलखात्याची 22 फुटी (7.146 मीटर). ही शेवटची 1669 च्या हुकुमाने राजाच्या जंगलांसाठी ठरवून दिली होती. 100 चौरस पेर्श (क्षेत्रफळ सांगताना नुसतंच ‘पेर्श’ लिहीत) म्हणजे एक आर्पाँ, त्यामुळे काठी बदलली की आर्पाँही बदलतो : अनुक्रमे 3419, 4221 आणि 5107 चौरस मीटर.

वरचंच खत घ्या. पॅरिसच्या काठीने ती जमीन 4.22 हेक्टर भरते, 20 फुटीने 5.21 आणि जंगलखात्याच्या काठीने 6.31. फरक दोन हेक्टरांहून जास्त, म्हणजे पाच एकर! आपल्याकडे सातबाऱ्यावर एवढी तफावत निघाली असती तर भाऊबंदकी कोर्टात गेली असती.

यावर उपाय बहुधा कागदातच असतो. कसलेला नोटरी ‘पेर्शला 22 फूट’ अशा अर्थाचं वाक्य घालून ठेवायचा, ते शोधा. ते नसेल तर त्या जिल्ह्याचे मेट्रिक पद्धत आल्यानंतर छापलेले तक्ते बघा, गावागावाची मापं त्यांत सापडतात. तेही हाती नसतील, तर कुठली पेर्श धरली ते उत्तराशेजारी लिहून टाका. नॉर्मंडीच्या कागदात ‘एकर’ दिसला म्हणून हुरळून जाऊ नका. तो 160 पेर्शचा, 22 फुटी काठीने सुमारे 8172 चौरस मीटर, म्हणजे आपल्या एकराच्या दुप्पट.

0.3048 की 0.3248?

इंग्रजी फूट 30.48 सेंटिमीटरचा, फ्रान्सचा राजफूट 32.48 चा. एका आकड्याचा फरक, त्यामुळे नजर सहज चुकते. लांबीत साडेसहा टक्के, क्षेत्रफळात साडेतेरा टक्के. नेपोलियन बुटका होता हा समज पसरायला हाच गोंधळ कारणीभूत मानतात : त्याची 5 फूट 2 इंच ही उंची फ्रेंच मापाने 1.68 मीटर होते.

तारीख न बघणं

सहा राजफुटांचा त्वाज 1.949 मीटरचा. पण 1812 मध्ये नेपोलियनच्या सरकारने जुनी नावं परत आणली आणि मापं मात्र मीटरला जुळवून घेतली : त्वाज बरोबर 2 मीटर, फूट मीटरचा तिसरा हिस्सा. 1 जानेवारी 1840 पासून ही मापं कायद्याने बंद झाली. त्यामुळे या मधल्या काळातल्या कागदावर ‘त्वाज’ वाचलं की थांबा, आणि जुना की नवा हे संदर्भावरून ठरवा.

लांबी समजून क्षेत्रफळ वाचणं

‘5 त्वाज 3 फूट’ हे भिंतीच्या किंवा अंगणाच्या क्षेत्रफळाच्या हिशेबात आलं, तर तिथला फूट बहुधा चौरस फूट नसतो. एक त्वाज लांब आणि एक फूट रुंद अशी ती पट्टी, म्हणजे चौरस त्वाजाचा सहावा हिस्सा. चौरस फूट असता तर छत्तिसावा झाला असता. मॉरिशसमध्ये, जिथे मराठी घराणीही पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत, जमिनीच्या व्यवहारात आजही आर्पाँ, पेर्श आणि त्वाज चालतात. तिथे ‘100 त्वाजचा प्लॉट’ म्हणजे 100 चौरस त्वाज, सुमारे 380 चौरस मीटर, पावणेचार गुंठे. तिथला आर्पाँ 20 फुटी काठीचा, एकराहून थोडा मोठा. पॅरिसचा आकडा तिथे लावू नका.

नको तेवढी अचूकता

1799 च्या कायद्याने मीटर 443.296 लीन्य (इंचाचा बारावा हिस्सा) ठरला. राजफुटाचे लीन्य 144, त्वाजाचे 864. भागाकार केला की हवी तितकी दशांश स्थळं मिळतात, पण झाडाझुडपांतून साखळी ओढत मोजलेल्या शेताला ती शोभत नाहीत. खतात पूर्ण पेर्श दिली असेल, तर चौरस मीटरच्या दशांशात उत्तर देणं ही फसवणूकच.

कासिनी घराण्याने अठराव्या शतकात केलेल्या फ्रान्सच्या नकाशावर तर रूपांतर करावंच लागत नाही. त्याचं प्रमाण 100 त्वाजला एक लीन्य, म्हणजे 1 : 86,400. नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर 864 मीटर. अट एवढीच, की मोजणी मूळ आकाराच्या प्रतीवर करा. स्कॅन करून लहान-मोठी केलेली प्रत असेल, तर हे प्रमाण विसरा आणि नकाशावर छापलेली मापपट्टी वापरा.